तलावाच्या पाळीवरून दिसणारा समाज

वैनगंगेच्या खोऱ्यात नवख्या माणसाने पाऊल टाकले की त्याच्या नजरेत प्रथम भरते ते पाणी. भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगीच नव्हे. साकोली, लाखनी, लाखांदूर या बाजूस तर एक गाव मागे टाकावे तोच पुढे पुन्हा मातीची एक लांबलचक पाळ, तिच्या पाठीशी पसरलेले पाणी आणि तिच्या पायथ्याशी पायरीपायरीने उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या दिसू लागतात. मोठा असेल तो तलाव, लहान असेल ती बोडी. ‘माजी मालगुजारी तलाव’ हे सरकारी दप्तरातले लांबट नाव लोकांनी दोन अक्षरांत आणले असून ‘मामा तलाव’ असे जवळिकीचे नाते त्याला जोडून दिले आहे. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव मोजले गेले आहेत.

या तलावांचा विचार बहुधा पाटबंधाऱ्यांच्या दृष्टीने होतो. परंतु निरनिराळ्या कुळांची, बोलींची, दैवतांची आणि आहाराची माणसे एका गावात कशी नांदतात, हा प्रश्न ज्याला पडला असेल, त्यानेही घटकाभर या पाळीवर बसून खाली पाहावे. समाजशास्त्राच्या मोठमोठ्या ग्रंथांत या प्रश्नाची जी उत्तरे दिली आहेत, त्यांची पारख येथे एकाच गावाच्या शिवारात करता येते.

प्रथम येथील माणसे पाहावीत. या भूमीचे जुने रहिवासी गोंड. त्यांचीच राज्ये येथे दीर्घकाळ चालली. देवगडच्या बख्त बुलंद शहाने सतराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मुलखात बाहेरून शेतकरी, कारागीर व व्यापारी मुद्दाम आणून वसविले. त्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते. तुमसरजवळचा अंबागडचा किल्ला त्याच्याच सुभेदाराने, राजखान पठाणाने, १७०० च्या सुमारास बांधला. पोवार माळव्याकडून आले आणि आपली पोवारी बोली बरोबर घेऊन आले. हलबांनी हलबी आणली. कोहळी तलाव बांधण्याच्या विद्येत निष्णात. जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजेल तितकी जमीन देण्याची रीत चांद्याच्या गोंड राजांनी पाडली, अशी परंपरा या भागात सांगतात. यांखेरीज कुणबी, तेली, महार, लोधी, कलार, कोष्टी, ढिवर, गोवारी अशी किती नावे घ्यावीत! उत्तरेस बालाघाटची हिंदी, घराघरांत झाडीबोली आणि शाळेत पुस्तकी मराठी. येथील विविधता कोणी उपदेशाने आणलेली नाही. जंगल तोडावयाचे होते, पाणी अडवावयाचे होते, धान पिकवावयाचे होते. त्या कामांना हात हवे होते. गरजेने माणसे बोलावली आणि माणसांबरोबर त्यांचे देव व त्यांच्या बोली आल्या.

आता त्यांचे एकमेकांशी असलेले व्यवहार पाहावेत. कोहळ्याने तलावाची जागा हेरावी. पाळ घालताना गावच्या साऱ्या श्रमिकांनी माती वाहावी. पाण्यावर कुणबी, पोवार व तेली यांच्या बांध्या पिकाव्यात. रोवणीच्या दिवसांत गोंड, महार व ढिवर स्त्रियांनी गुडघाभर चिखलात वाकून रोप लावावे. तलावातली मासळी आणि शिंगाडा ढिवरांचा. जंगलातील ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे जोपासावयाचे तेही ढिवरांनीच. आणि त्या कोशाच्या रेशमाचे वस्त्र विणावयाचे ते कोष्ट्यांनी. गावची गुरे सकाळी आखरावरून रानात न्यावयाची गोवाऱ्याने. एका घराची भाकर दुसऱ्या घराच्या श्रमावाचून भाजली जात नाही, अशी ही गुंफण आहे.

एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९३ साली श्रमविभागावरील आपल्या ग्रंथात नेमका हाच विचार मांडला होता. माणसे एकसारखी असतात म्हणून एकत्र राहतात, हा ऐक्याचा एक प्रकार. ती भिन्न असतात आणि भिन्नतेमुळेच एकमेकांवाचून त्यांचे अडते, हा दुसरा. वैनगंगेकाठचे गाव पाहून दुर्खीमच्या अनुयायास मोठा आनंद वाटला असता. परंतु त्याच्या आनंदाला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली एक खोच लावून ठेवली आहे. लाहोरच्या ज्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी भाषण लिहिले, त्या मंडळाने ते ऐकण्याचे नाकारले; म्हणून ते त्यांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केले. त्यातील एक मुद्दा असा की, जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक अशा उतरंडीने रचलेली. काम वाटून घेणे निराळे आणि काम जन्मतःच वाट्याला येणे निराळे. ढिवराला मासळी आवडते म्हणून तो जाळे टाकतो, की दुसरे काही त्याला करू दिले जात नाही म्हणून टाकतो, हा प्रश्न दुर्खीमच्या चित्रात सहसा उमटत नाही.

परस्परावलंबन म्हणजेच सहजीवन, असे यास्तव एकदम म्हणता येत नाही. ब्रह्मदेशात सरकारी अधिकारी असलेल्या फर्निव्हल या इंग्रज अभ्यासकाने ब्रह्मदेश व जावा येथील समाज पाहून असा निष्कर्ष काढला होता की, अशा देशांत निरनिराळे लोक शेजारी राहतात, पण ते भेटतात फक्त बाजारात. घेणेदेणे संपले की प्रत्येक जण आपल्या कोषात परततो. हे वर्णन तुमसरच्या धानबाजाराला लावून पाहावे, किंवा त्याच तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींना लावावे. तराजूपाशी किंवा खाणीच्या तोंडाशी जात विचारली जात नाही. संध्याकाळी मात्र पायवाटा फुटतात आणि जो तो आपल्या मोहल्ल्याकडे वळतो. इरावती कर्वे यांनी हिंदू समाजाबद्दल असे प्रतिपादन केले की, जाती या एकाच समाजाच्या चिरफळ्या नसून मुळात वेगवेगळे असलेले समूह शेजारी शेजारी येऊन बसलेले आहेत. भंडाऱ्याच्या वस्त्यांचा इतिहास त्या मताला बराच दुजोरा देतो. परंतु शेजारी बसणे म्हणजे एका पंक्तीला बसणे नव्हे.

तलावाच्या पाण्याकडे पुन्हा वळले असता या प्रश्नाची खरी बाजू दिसते. पाणी एक, पण त्याची ओढ तिघांची तीन दिशांना. धान निसवण्याच्या वेळी पावसाने डोळे वटारले की बांधीवाल्याला पाणी ताबडतोब आणि मुबलक हवे असते. ढिवराला ते तलावातच राहावयास हवे. तळ उघडा पडला तर त्याची मासळी गेली. आणि तलावाच्या पोटातील गाळपेर जमीन कसणाऱ्याला पाणी जितके लवकर ओसरेल तितके बरे. या तिघांपैकी कोणीही दुष्ट नाही; प्रत्येकाच्या मागे त्याची उपाशी राहू शकणारी मुले आहेत. जेथे पोट आहे तेथे तंटा आहे, हे जुन्या लोकांनी पुरते ओळखले होते. म्हणूनच इंग्रजी अमदानीतील जमाबंदीच्या वेळी प्रत्येक गावाच्या रिवाजांची नोंद ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात करण्यात आली. जंगलातले सरपण, गुरांची चराई, तलावाचे पाणी यांवरचे गावकऱ्यांचे ‘निस्तार’ हक्क लिहून ठेवण्यात आले. पाणी सोडण्याचा क्रम ठरलेला असे; पाळ दुरुस्त करण्यासाठी कोणी किती राबावयाचे हेही ठरलेले असे.

त्या व्यवस्थेची आठवण काढून हळहळणारे लोक आजही भेटतात. पाळी धड होत्या, तलाव भरलेले होते, गावात आरडाओरड नव्हती, असे ते म्हणतात. यातले बरेचसे खरेही असेल. परंतु त्या शांततेची किल्ली मालगुजाराच्या कमरेला होती, हे विसरता येत नाही. त्याचा शब्द म्हणजे निवाडा. ज्याची जमीन नाही, ज्याची वस्ती गावकुसाबाहेर आहे, त्याला तंटा करण्याची सोयच नव्हती; मग गावात तंटा दिसावा कोठून? समाजशास्त्राच्या अभ्यासकाने शांततेची पारख करताना प्रथम हेच विचारावयास हवे की, ती सर्वांच्या संमतीतून आली आहे, की कोणा एकाच्या मुकेपणातून.

स्वातंत्र्यानंतर तो मुकेपणा मोडू लागला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि १९५१ च्या ३१ मार्चपासून तलाव सरकारच्या स्वाधीन झाले. १९५२ साली प्रौढ मतदानाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मालगुजार व त्याचा सालदार यांच्या मताचे मोल तीत प्रथमच सारखे ठरले. १९५४ च्या पोटनिवडणुकीत स्वतः डॉक्टर आंबेडकर भंडाऱ्याच्या राखीव जागेसाठी उभे होते. मतदारसंघ तेव्हा द्विसदस्य होता. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आले आणि बाबासाहेबांचा पराभव झाला. दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर गावोगावच्या महारांनी मेलेली गुरे ओढण्यासारखी वंशपरंपरेची कामे टाकून दिली. गावगाड्याच्या दृष्टीने ही नुसती धर्मांतराची गोष्ट नव्हती. उतरंडीच्या तळाचे मडके जागचे हलले, आणि वरच्या साऱ्या मडक्यांना आपला तोल नव्याने सांभाळावा लागला.

काही ठिकाणी तो तोल सांभाळता आला नाही. भंडारा जिल्ह्याविषयी आणि सहजीवनाविषयी एकाच बैठकीत बोलावयाचे आणि खैरलांजीचे नाव टाळावयाचे, हा अप्रामाणिकपणा होईल. मोहाडी तालुक्यातील या लहान गावात बौद्धांची घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांपैकी एका शेतकरी कुटुंबाचा शेतातील वाटेवरून गावातील काही लोकांशी वाद होता. पुढे एका मारहाणीच्या प्रकरणात त्या घरातील स्त्रियांनी साक्ष दिली. २९ सप्टेंबर २००६ रोजी, त्या प्रकरणातील आरोपी जामिनावर सुटून आले त्याच संध्याकाळी, आई, मुलगी व दोन मुलगे या चौघांची जमावाने हत्या केली. कुटुंबप्रमुख तेवढा वाचला. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांस दोषी ठरवून सहा जणांस फाशीची व दोघांस जन्मठेपेची शिक्षा दिली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती सर्वांसाठी २५ वर्षांच्या कारावासाची केली. अत्याचार प्रतिबंधक कायदा या गुन्ह्यास लागू होतो, हे मात्र दोन्ही न्यायालयांनी मान्य केले नाही. सूडबुद्धीने घडलेले कृत्य असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

न्यायालय पुराव्याने बांधलेले असते आणि कोणत्या हाताने काय केले हे पाहणे त्याचे काम असते. समाजाचा अभ्यास करणाऱ्याला मात्र आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. त्या कुटुंबाने केले काय होते? आपल्या जमिनीवरचा हक्क सोडला नाही, मुलांना शिकविले, आणि पोलिसांपुढे जे पाहिले ते सांगितले. सुधारलेल्या समाजात नागरिकाने जे करावे असे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते, तेच. हेच वर्तन एखाद्या मातबर घराने केले असते तर त्याला बाणेदारपणा म्हटले गेले असते. संख्येने आणि प्रतिष्ठेने दुबळ्या घराने केले तेव्हा तो उद्धटपणा ठरला. आणि संध्याकाळच्या वेळी, भरवस्तीत, चार जीव जात असताना गावाचे इतर उंबरठे ओलांडले गेले नाहीत. त्या गावातही एकच पाऊस पडत होता आणि सारे एकाच हवेत श्वास घेत होते. सहनिवास होता, सहजीवन नव्हते.

पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट २००७ पासून, महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधावरची भांडणे कोर्टकचेरीत न नेता गावातच मिटावीत, हा तिचा हेतू चांगला आहे, आणि वर्षानुवर्षे तारखा घालून खंगलेल्या माणसाला त्याचे मोल पटते. परंतु या हेतूच्या पोटात एक धोका दडलेला आहे, तो जाणत्या माणसाने लक्षात ठेवावा. तंटा मिटणे आणि तंटा दबणे या दोन्हींचे बाह्य रूप एकच असते. मिटला की नाही हे कळण्याची खूण एकच: त्या तंट्यातील सर्वांत दुबळा माणूस निवाड्यानंतर निर्धास्त झोपतो काय? ज्या गावात दुबळ्याला सबळाविरुद्ध तक्रार करता येते, आणि तक्रार केल्यावरही त्याच गावात, त्याच वाटेने, ताठ मानेने चालता येते, त्या गावात सहजीवन आहे असे समजावे. मग तेथे रोज चार भांडणे होत असली तरी हरकत नाही.

असे गाव घडते कसे, याविषयी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली काही महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या आहेत. भिन्न लोक नुसते एकत्र आले म्हणजे पूर्वग्रह नाहीसे होतात, ही भाबडी समजूत होय. त्यांची भेट बरोबरीच्या नात्याने व्हावी लागते. दोघांचे साध्य एक असावे लागते. ते साध्य एकमेकांच्या साह्यानेच मिळणारे असावे लागते. आणि कायदा व अधिकारी यांचे पाठबळ त्या बरोबरीला असावे लागते. या चार अटींपैकी पहिली व शेवटची या देशात वारंवार विसरल्या जातात. 

दिवाळीनंतर भंडाऱ्याच्या गावोगावी मंडई भरते. गोवारी नाचतात, दूरदूरचे सोयरे येतात आणि रात्रभर झाडीपट्टीचे नाटक रंगते. एका मांडवाखाली साऱ्या जातींची माणसे हसतात, रडतात. एकाच पात्रासाठी डोळे पुसतात. हे मोठे भाग्याचे चित्र आहे. पण मंडईची रात्र वर्षातून एकदाच येते, आणि तीत गोवाऱ्याने नाचावयाचे व इतरांनी पाहावयाचे हा क्रमही कायम राहतो. १९९४ च्या २३ नोव्हेंबरला नागपुरात आपली मागणी घेऊन गेलेल्या मोर्चातील ११४ गोवारी चेंगराचेंगरीत मृत्युमुखी पडले, तेव्हा या नाचणाऱ्या पायांना काही म्हणावयाचेही आहे, हे पुष्कळांना प्रथमच उमगले. उत्सवाने ओळख होते; बरोबरी व्हावयास रोजचे काम लागते.

तसे काम पुन्हा तलावावरच दिसते. ढिवरांच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात. जाळे टाकणारा तेथे कोणाचा आश्रित नसून भागीदार असतो. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत ढिवरांना बरोबर घेऊन जुन्या तलावांचे पुनरुज्जीवन आरंभिले. बेशरमाची झाडे उपटून काढावयाची, गाळ मोकळा करावयाचा आणि कोणत्या पाणवनस्पतीच्या आश्रयाने कोणती मासळी वाढते हे जाणून ती वनस्पती पुन्हा लावावयाची, असे ते काम. हे ज्ञान कोणत्याही पाठशाळेत नव्हते. ते ढिवर स्त्री-पुरुषांच्या पिढ्यांच्या अनुभवात होते. ज्याला गावाने पंक्तीच्या कडेला बसविले होते, त्याच्यापाशी शिकावयास बसण्याची पाळी इतरांवर यावी, यापरता बरोबरीचा दुसरा धडा कोणता? दुरुस्त तलावाचे पाणी बांधीलाही मिळते आणि मासळीलाही. म्हणून तेथे साध्य एक आणि साह्यही परस्परांचे. ऑलपोर्टच्या अटी तेथे पुस्तकातून उठून चिखलात उभ्या राहिलेल्या दिसतात.

जुन्या कोहळ्यांच्या विद्येतील एक गोष्ट शेवटी सांगण्यासारखी आहे. पाळ कितीही उंच व रुंद घातली तरी तेवढ्याने तलाव टिकत नाही. एका बाजूस सांडवा ठेवावाच लागतो. पाणी वाढले की ते त्या वाटेने खळखळ आवाज करीत निघून जाते, आणि पाळ शाबूत राहते. आवाज नको म्हणून ज्याने सांडवा बुजविला, त्याचा तलाव एखाद्या श्रावणातल्या रात्री फुटल्यावाचून राहत नाही. आणि फुटला म्हणजे पाळीच्या अगदी खाली ज्याची झोपडी असते, ती आधी वाहून जाते.

गावाची ग्रामसभा, सहकारी संस्थेची बैठक, पोलिसातील फिर्याद, न्यायालयातील साक्ष हे समाजाचे सांडवे होत. त्यांतून होणारा खळखळाट कित्येकांना कर्कश वाटतो. पण ते वाहते ठेवण्याची जबाबदारी ज्यांची झोपडी पाळीखाली आहे त्यांच्यावर टाकून चालणार नाही. ज्यांची घरे उंचावर आहेत, त्यांनी ती आपल्या शिरावर घ्यावयास हवी. खैरलांजीच्या त्या संध्याकाळी न ओलांडला गेलेला प्रत्येक उंबरठा हेच सांगत आहे.